‘सगळे’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’



स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं एखादं मूल तुमच्या घरात असेल, तर त्याच्या पुस्तकात ‘विधाने आणि निष्कर्ष’ हा धडा नक्की असणार. बँकेच्या परीक्षेत तर हे प्रश्न हमखास येतात. दोन वाक्यं दिलेली असतात आणि खाली एक निष्कर्ष. उदाहरणार्थ :

सर्व पेनं पुस्तकं आहेत.
काही पुस्तकं टेबलं आहेत.
निष्कर्ष : काही पेनं टेबलं आहेत.

वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं हसतात. पेन कधी पुस्तक असतं का? वाक्यं मुद्दामच अशी विचित्र घेतलेली असतात. आपल्याला जगाबद्दल काय माहीत आहे ते क्षणभर बाजूला ठेवायचं आणि फक्त एवढंच बघायचं, की वरची दोन वाक्यं खरी धरली तर खालचं वाक्य खरं असायलाच हवं का? इथे उत्तर ‘नाही’ असं आहे. जी काही पुस्तकं टेबलं आहेत, ती नेमकी पेनं नसलेलीच पुस्तकं असू शकतात. असू शकतात, एवढी एक शक्यता दाखवली तरी निष्कर्ष गळून पडतो.

मुलांना वाटतं, हा परीक्षेपुरता खेळ आहे. तो तसा नाही. ‘सगळे’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’ या तीन शब्दांवर घरातली भांडणं होतात, स्थळं मोडतात, मुलींचं शिक्षण थांबतं आणि वस्त्या एकमेकींपासून तुटतात. म्हणून या महिन्यात हाच विषय.

शब्दांचं कुंपण

हा विषय आपल्याकडे परका नाही. मदरशांमध्ये जे ‘मंतिक’ शिकवलं जातं ते हेच. ॲरिस्टॉटलने याची मांडणी केली, ती अरबीत आली. फ़ाराबींनी तिच्यावर इतकं काम केलं, की ॲरिस्टॉटलला ‘पहिला उस्ताद’ म्हणणारे लोक त्यांना ‘मुअल्लिमे-सानी’, म्हणजे दुसरा उस्ताद म्हणू लागले. इमाम ग़ज़ाली (१०५८–११११) यांनी उसूले-फ़िक़्हवरच्या आपल्या ‘अल-मुस्तस्फ़ा’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच मंतिकची प्रस्तावना जोडली. तेराव्या शतकातल्या असीरुद्दीन अबहरींची ‘ईसागोजी’ ही छोटीशी पुस्तिका शतकानुशतकं पहिलं पुस्तक म्हणून शिकवली गेली. हिंदुस्थानात मुल्ला निज़ामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्से-निज़ामीत मंतिकला मोठी जागा होती. मुहिब्बुल्लाह बिहारी (मृत्यू १७०७) यांचा ‘सुल्लमुल उलूम’ हा त्यातला नावाजलेला ग्रंथ.

या परंपरेत ‘सगळे’, ‘काही’, ‘एकही नाही’ अशा शब्दांना एक सुंदर नाव आहे : ‘सूर’. गाण्यातला सूर नव्हे. अरबीत सूर म्हणजे शहराभोवतीचा तट. तट जसा शहराची हद्द दाखवतो, तसा हा शब्द वाक्याची हद्द दाखवतो. आपण किती जणांबद्दल बोलतो आहोत, सगळ्यांबद्दल की काहींबद्दल, ते तो ठरवतो. अशा तटबंद वाक्याला ‘महसूरा’ म्हणतात. ती चार प्रकारची :

१. सर्व हापूस गोड आहेत. (मौजबा कुल्लिया)
२. एकही हापूस गोड नाही. (सालिबा कुल्लिया)
३. काही हापूस गोड आहेत. (मौजबा जुज़इया)
४. काही हापूस गोड नाहीत. (सालिबा जुज़इया)

‘कुल्लिया’ म्हणजे सगळ्यांना धरून, ‘जुज़इया’ म्हणजे काहींपुरतं. ‘मौजबा’ होकारी, ‘सालिबा’ नकारी. एक गोष्ट लक्षात ठेवा. बोलताना आपण ‘काही मुलं पास झाली’ म्हणतो तेव्हा ‘बाकीची नापास झाली’ असं ऐकणारा समजून घेतो. तर्कशास्त्रात तसं नाही. तिथे ‘काही’ म्हणजे ‘निदान एक तरी’. बाकीच्यांबद्दल ते वाक्य गप्प आहे. सगळी पास झाली असली तरी ‘काही पास झाली’ हे खरंच राहतं.

एक उदाहरण काय पाडतं, काय उभं करतं

‘सर्व हापूस गोड आहेत’ हे वाक्य खोटं ठरवायला ‘एकही हापूस गोड नाही’ हे सिद्ध करायची गरज नसते. एक आंबट हापूस पुरतो. तसंच ‘एकही नाही’ हे वाक्य पाडायला एक ‘आहे’ पुरतो. पहिलं वाक्य चौथ्याने पडतं आणि दुसरं तिसऱ्याने. पहिलं आणि दुसरं मात्र एकाच वेळी खोटी असू शकतात : पेटीतले काही आंबे गोड, काही आंबट. घरातल्या वादात आपण नेमकं हेच विसरतो. एक जण म्हणतो, “सगळे स्वार्थी आहेत.” दुसरा म्हणतो, “कोणीच स्वार्थी नाही.” दोघंही चुकीचे असतात आणि दोघंही भांडत राहतात.

“मुलींना गणित जमत नाही” हे वाक्य घ्या. ते ‘एकाही मुलीला जमत नाही’ या अर्थाने म्हटलं असेल, तर ते पाडायला इराणच्या मरियम मिर्ज़ाख़ानी पुरेशा आहेत. २०१४ साली गणितातला फील्ड्स पदक हा सर्वोच्च मानला जाणारा सन्मान त्यांना मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. एका नावाने ‘एकही नाही’ संपलं. पण याच नावावरून ‘सगळ्या मुलींना गणित जमतं’ हे मात्र सिद्ध होत नाही. एक उदाहरण ‘सगळे’ आणि ‘एकही नाही’ पाडू शकतं, त्यांना उभं करू शकत नाही. उभं करू शकतं ते फक्त ‘काही’.

तट नसलेली वाक्यं

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर ‘असेल, तर’ असं का म्हटलं? कारण “मुलींना गणित जमत नाही” या वाक्याला सूर नाही. सगळ्या मुलींना की काही मुलींना, ते बोलणाऱ्याने सांगितलेलंच नाही. अशा वाक्याला मंतिकमध्ये ‘मुहमला’ म्हणतात, म्हणजे मोकळं सोडलेलं, दुर्लक्षित. उर्दूत निरर्थक बोलण्याला आपण ‘मुहमल’ म्हणतो, तोच हा शब्द. उस्तादांचा नियम असा, की मुहमला वाक्याची ताकद ‘जुज़इया’ एवढीच धरायची. म्हणजे बोलणाऱ्याने ‘सगळे’ म्हटलं नसेल, तर आपल्या हाती ‘काही’ एवढंच लागलं असं समजायचं. जास्तीचं घ्यायचं नाही.

दिवसभरात ऐकलेली वाक्यं आठवून पाहा. ‘आजकालची मुलं ऐकत नाहीत.’ ‘सासवा अशाच असतात.’ ‘शहरातले लोक माणुसकी विसरले.’ ‘मुसलमान मुलांना शिकवत नाहीत.’ ‘ते लोक आपल्याला घर देत नाहीत.’ एकाही वाक्याला तट नाही. बोलणाऱ्याच्या पदरात दोन-तीन अनुभव असतात, तोंडातून मुहमला निघतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात ते कुल्लिया होऊन शिरतं. बातमीत एखाद्या गुन्हेगाराचं नाव आपल्यासारखं निघालं की सगळ्या वस्तीकडे बोट दाखवलं जातं, ते याच वाटेने. ते आपल्याला झोंबतं. पण त्याच वाटेने आपणही दुसऱ्यांबद्दल बोलतो, तेव्हा झोंबत नाही.

क़ुरआनमध्ये या बाबतीत शब्दांची जी काळजी घेतली आहे ती पाहण्यासारखी आहे. सूरह आले-इमरानच्या ११३ व्या आयतीत अहले-किताबबद्दल बोलताना ते सगळे सारखे नाहीत, असं स्पष्ट केलं आहे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत संशयापासून दूर राहायला सांगताना ‘पुष्कळ’ आणि ‘काही’ हे दोन वेगळे शब्द आले आहेत. पुष्कळशा संशयापासून दूर राहायचं, कारण त्यातला काही संशय गुनाह असतो. कोणता ते आधी कळत नाही, म्हणून सावधगिरी जास्तीची.

एका आईचा प्रश्न

दहावीच्या निकालानंतर एक आई मला भेटायला आल्या. मुलीला चांगले गुण होते. आईंचा आवाज खाली होता.

“टीचर, हिचे अब्बा अकरावीला घालायचं नाही म्हणतात.”

“का?”

“शिकलेल्या मुलींना स्थळ मिळत नाही म्हणतात. हिचंही तसंच होईल.”

ही भीती खोटी म्हणून उडवून लावायची नसते. पण हा युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद तपासता येतो. मंतिकच्या भाषेत त्याची दोन वाक्यं अशी :

सुग्रा (लहान वाक्य) : ही मुलगी शिकली तर ती शिकलेल्या मुलींपैकी एक होईल.
कुब्रा (मोठं वाक्य) : शिकलेल्या मुलींना स्थळ मिळत नाही.
नतीजा : हिला स्थळ मिळणार नाही.

या साच्याला ‘शक्ले-अव्वल’ म्हणतात. त्याचं मदरशातलं ठरलेलं उदाहरण असं : आलम बदलत राहतो, जे जे बदलतं ते ते हादिस, म्हणजे कधीतरी अस्तित्वात आलेलं असतं, म्हणून आलम हादिस आहे. या साच्याच्या दोन अटी आहेत. सुग्रा होकारी हवी आणि कुब्रा कुल्लिया हवी. मोठं वाक्य ‘सगळ्यांबद्दल’ असेल तरच ते या एकीवर लागू होतं. ‘जे जे’ या शब्दांमुळे आलमचं उदाहरण उभं राहतं. आपल्या उदाहरणात पहिली अट पुरी झाली, पण दुसरी? ‘शिकलेल्या मुलींना स्थळ मिळत नाही’ हे मुहमला आहे. त्याची ताकद ‘काही शिकलेल्या मुलींना स्थळ मिळत नाही’ एवढीच. आणि ‘काहीं’मध्ये ही मुलगी असेल की नसेल, हे वाक्य सांगत नाही. नतीजा निघत नाही.

मी त्यांना मंतिकची नावं सांगितली नाहीत. एवढंच विचारलं, “तुमच्या नात्यात, मोहल्ल्यात शिकलेल्या मुली किती? मोजा बरं.” त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोघी-तिघींची लग्नं लांबली होती, ती नावं लगेच आठवली. मग नणंदेची मुलगी आठवली, डी.एड. झालेली, लग्न होऊन नोकरीही करणारी. मग आणखी एक. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे सगळ्यांचं नाही अडलं.”

“नाही. आणि न शिकलेल्यांपैकी कोणाचं अडलं?”

तीही दोन नावं निघाली.

इथे एक सावधगिरी हवी. निष्कर्ष निघत नाही याचा अर्थ निष्कर्ष खोटा आहे असा नाही. उद्या त्या मुलीचं लग्न लांबूही शकतं. तर्क एवढंच सांगतो, की दिलेल्या कारणावरून ते ठरत नाही. पण ‘सगळ्या’वरून ‘काहीं’वर आलो की खरे प्रश्न विचारता येतात. ज्यांची लग्नं लांबली त्यांची शिक्षणामुळेच लांबली का? की हुंड्यामुळे, वडील गेल्यामुळे, वधू-वरांच्या अपेक्षांमुळे? ‘सगळ्या’ म्हटलं की या प्रश्नांना जागाच उरत नाही, दार बंद होतं. त्या घरातलं बोलणं अजून चालू आहे. बोलणं चालू आहे, हेच सध्या पुष्कळ.

उलटं करताना सांभाळा

वाक्य उलटं करण्याला मंतिकमध्ये ‘अक्स’ म्हणतात. ‘एकही कासव पक्षी नाही’ हे उलटं केलं तरी खरं : एकही पक्षी कासव नाही. ‘काही डॉक्टर कवी आहेत’ हेही बिनधोक उलटतं : काही कवी डॉक्टर आहेत. पण ‘प्रत्येक हापूस हा आंबा आहे’ यावरून ‘प्रत्येक आंबा हापूस आहे’ असं म्हणता येत नाही. फार तर ‘काही आंबे हापूस आहेत’. आणि ‘काही आंबे हापूस नाहीत’ हे तर उलटतच नाही. ‘काही हापूस आंबे नाहीत’ म्हटलं तर बाजारात हसं होईल.

आंब्यांबाबत कोणी चुकत नाही. माणसांबाबत चुकतो. ‘चोर रात्री फिरतात. हा रात्री फिरतो. म्हणजे हा चोर.’ रात्री नर्स फिरते, पहाटे दूधवाला फिरतो, रमज़ानमध्ये सहरीसाठी उठवणारा फिरतो. ‘सगळे चोर रात्री फिरतात’ हे खरं धरलं, तरी ‘रात्री फिरणारे सगळे चोर’ हे त्यातून निघत नाही.

मराठीतलं ‘च’ हे इवलंसं अक्षर इथे फार गोंधळ घालतं. समजा, शिष्यवृत्तीच्या सूचनेत लिहिलं आहे : ‘आधार जोडलेल्या खात्यातच रक्कम जमा होईल.’ याचा अर्थ : ज्या ज्या खात्यात रक्कम जमा होईल, ते ते आधार जोडलेलं असेल. ‘ज्यांनी ज्यांनी खातं जोडलं, त्या सगळ्यांना रक्कम मिळेल’ असा त्याचा अर्थ नाही. जोडणी ही अट आहे, हमी नाही. उत्पन्नाचा दाखला, हजेरी, अर्जाची मुदत अशा आणखी अटी असतात. “खातं जोडलं, आता पैसे येणारच” म्हणून पालक निवांत बसतात आणि मुदत निघून जाते. सूचनेत ‘च’ किंवा ‘फक्त’ दिसलं की वाक्य उलटं करून पाहायची सवय लावा.

‘सगळे आले नाहीत’

नकाराबाबत आपली भाषा थोडी लबाड आहे. “दावतीला सगळे आले नाहीत.” म्हणजे कोणीच आलं नाही की काही जण आले नाहीत? दोन्ही अर्थ निघू शकतात. बोलताना आवाजावरून कळतं, लिहिताना कळत नाही. सूचना फलकावर ‘सर्व विद्यार्थ्यांनी फी भरलेली नाही’ असं लिहिलं, तर फी भरलेल्याच्या वडिलांना राग येणारच. कोणीच नाही म्हणायचं असेल तर ‘एकाही विद्यार्थ्याने’ लिहा. काहींनी नाही म्हणायचं असेल तर ‘काही विद्यार्थ्यांनी’ लिहा. बोलीत ‘सगळे काही आले नाहीत’ असं म्हणण्याची छान सोय आहे. त्यात काही जण आले हे आपोआप कळतं.

शब्दांचा क्रमही बघा. ‘घरातलं प्रत्येक काम कोणीतरी करतं.’ हे खरं आहे, नाहीतर घर चाललंच नसतं. यावरून ‘घरात कोणीतरी एक आहे, जे प्रत्येक काम करतं’ असं निघतं का? तर्काने निघत नाही. पाणी एकाने भरावं, बाजार दुसऱ्याने करावा, भांडी तिसऱ्याने घासावीत, तरी पहिलं वाक्य खरंच राहील. पण किती घरांत दुसरं वाक्यही खरं असतं, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे अम्मीच असते! हे तर्काने आलेलं नाही. ते आपण घडवलेलं आहे, म्हणून बदलताही येतं.

रिकाम्या खिशातली नाणी

थोडं अवघड, पण गमतीचं. एखाद्या दुकानात पाटी आहे : ‘तक्रार करणाऱ्या सर्व ग्राहकांना पैसे परत दिले आहेत.’ आजवर एकानेही तक्रार केली नसेल तर? आधुनिक तर्कशास्त्र म्हणतं, वाक्य खरं आहे, कारण ते खोटं ठरवणारा एकही ग्राहक नाही. १८७९ साली जर्मन गणिती फ्रेगे यांनी ‘सर्व’ आणि ‘काही’ यांची जी नवी मांडणी केली, तिच्यात हे असंच येतं. जुने मंतिकवाले वेगळं म्हणत : होकारी वाक्य खरं असायला ज्याच्याबद्दल ते आहे तो अस्तित्वात हवा. परीक्षेत अजून जुनीच रीत चालते, म्हणून ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही ब हे अ आहेत’ बरोबर धरतात. मुलांनी परीक्षेत तसंच लिहावं. मोठ्यांनी मात्र ‘सर्व लाभार्थ्यांना’ असं वाचलं की एक प्रश्न विचारावा : लाभार्थी आहेत किती?

घरचा अभ्यास

रात्री जेवणं झाली की मुलांसोबत सोडवा. वर्तुळं काढून पाहिली तर सोपं जातं. अठराव्या शतकात ऑयलरने आणि १८८० मध्ये जॉन व्हेनने हीच युक्ती वापरली. ‘सर्व’ असेल तर एक वर्तुळ दुसऱ्याच्या पोटात, ‘एकही नाही’ असेल तर दोन अलग, ‘काही’ असेल तर एकमेकांत शिरलेली. आणि निष्कर्ष मोडेल असं एखादं चित्र काढता येतं का, ते जरूर पाहायचं.

१. सर्व शिक्षक पदवीधर आहेत. काही पदवीधर बेकार आहेत. म्हणून काही शिक्षक बेकार आहेत.
२. एकही कासव पक्षी नाही. सर्व चिमण्या पक्षी आहेत. म्हणून एकही चिमणी कासव नाही.
३. काही शेजारी अडचणीत धावून येतात. अडचणीत धावून येणारा प्रत्येक जण आमच्या दुआत असतो. म्हणून काही शेजारी आमच्या दुआत असतात.
४. फक्त वेळेवर आलेल्यांनाच परीक्षेला बसू दिलं. सलमा वेळेवर आली. म्हणून सलमाला बसू दिलं.

उत्तरं : पहिलं निघत नाही; बेकार पदवीधर सगळे शिक्षक नसलेले असू शकतात. दुसरं आणि तिसरं निघतं. चौथं निघत नाही. वेळेवर येणं ही अट होती, हमी नव्हे. सलमा ओळखपत्र घरी विसरली असेल.

पुढच्या महिन्यात ‘जर’ आणि ‘तर’ यांच्याकडे वळू, इन्शाअल्लाह. तोवर दिवसातून एकदा, कोणी तट नसलेलं वाक्य बोललं की शांतपणे विचारा : “सगळे, की काही?” आवाज मात्र गोड ठेवा.